लेखणीची मजुरी

गेल्या दिवाळीत माझा पुतण्या पुण्याहून घरी आला. बल्लारपूरपर्यंत आगगाडी, तेथून गडचांदूर, आणि पुढे घाट चढून जिवती. एवढा प्रवास करून आलेल्या नातवाला माझ्या आईने आधी चकली दिली आणि मग प्रश्न विचारला. "बाळा, चार वर्षं झाली तुला पुण्यात. तू नेमकं करतोस तरी काय?"

पोर घोटाळ्यात पडले. त्याच्या हुद्द्यात 'डेटा' हा शब्द आहे. त्याचे मराठी त्याला सुचेना. शेवटी तो म्हणाला, "आजी, लोकांची माहिती येते ना, ती मी गोळा करतो, तपासतो, चुका काढतो आणि नीट मांडून ठेवतो. मग साहेब लोक ती बघून ठरवतात."

"म्हणजे पटवाऱ्याचं काम!" आई म्हणाली. "मग इनामाची जमीन कुठं मिळाली?"

सारे घर हसले. मी मात्र हसता हसता थांबलो. नव्वदीला टेकलेल्या, अंगठा उठवणाऱ्या बाईने एका वाक्यात जो इतिहास सांगितला, तो मला उभ्या नोकरीत सुचला नव्हता. नोंद ठेवणाऱ्याला समाज काय देतो, आणि ते कोणाच्या खिशातून देतो, या प्रश्नाचा माग काढण्याचे मी त्या दिवशी ठरवले. तो माग वाचकांपुढे ठेवतो.

आमच्या मराठी मुलखात हा धंदा फार जुना. गावचा पाटील आणि गावचा कुळकर्णी ही जोडी. गावच्या कागदावर पाटलाची निशाणी नांगर, आणि कुळकर्ण्याची लेखणी-दौत. पाटलाने वसूल करावा, कुळकर्ण्याने लिहावे. कोणाचे शेत किती, कोणाची बाकी किती, कोणते कुळ परागंदा झाले, हे सारे मोडीतल्या दप्तरात त्याच्या हाती. परगण्याला हेच नाते देशमुख आणि देशपांडे यांचे. या लेखणीवाल्यांना दरमहा पगार नसे. त्यांना वतन असे : थोडी इनाम जमीन, वसुलावर रुसूम, आणि रयतेकडून धान्याचे व जिनसांचे हक्क. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या 'गावगाडा' या ग्रंथात या साऱ्या देण्याघेण्याचा जमाखर्च असा मांडला आहे, की आजही तो उघडला तर खळ्यावरची धूळ नाकात जाते.

वतनाची गंमत अशी, की ज्याची नोंद घ्यायची त्याच्याच खळ्यावरून नोंदणाऱ्याची मजुरी यायची. पीक चांगले तर दोघांचे चांगले. त्यात आपलेपणा होता, तसा धाकही होता. लेखणी ज्याच्या हाती त्याला नाराज कोण करणार? आणि वतन वंशपरंपरेचे, म्हणजे अक्षर बिघडले तरी हुद्दा जाण्याची भीती नाही.

इंग्रजी अंमलात या व्यवस्थेला पहिला धक्का बसला. १८३६ साली इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी शेताशेताची मोजणी सुरू केली. जमिनीचा मगदूर पाहून आकार ठरू लागला आणि गावच्या दप्तराला सरकारी नमुन्यांचा साचा मिळाला. नमुना सात आणि नमुना बारा या दोघांचा मिळून जो 'सातबारा' झाला, तो याच वंशातला. वतनदार लेखक हळूहळू मागे पडून पगारी तलाठी पुढे आला. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने कुळकर्णी वतने रद्द होऊन १९५१ पासून तो अध्याय संपला. मुलकी पाटलांची वतने १९६२ च्या कायद्याने, १९६३ पासून गेली.

आमचा डोंगर मात्र या साऱ्या घडामोडींपासून दूर होता. वर्धा नदीच्या पलीकडे चांदा, तेथे नागपूरकर भोसल्यांनंतर इंग्रज. अलीकडे राजुरा आणि माणिकगडचा पहाड, येथे निजाम. आज ज्याला जिवती तालुका म्हणतात तो भाग तेव्हा आदिलाबाद जिल्ह्याच्या राजुरा तालुक्यात होता. १८६५ च्या सुमारास सालारजंगाने जिल्हाबंदी करून कारभाराला शिस्त आणली, पण खेड्यातला पटवारी राहिला तो वतनदारच. दरबारची भाषा पुढे उर्दू झाली. गोंड आणि कोलाम या डोंगराचे मूळ रहिवासी. त्यांची बोली गोंडी आणि कोलामी; त्यांचे शेत मात्र भलत्याच भाषेतल्या कागदावर.

याचा परिणाम काय झाला हे १९४० च्या दशकात क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाने लिहून ठेवले. १९४० मध्ये जोडेघाट येथे कोमराम भीम मारला गेला आणि निजाम सरकारला आदिलाबादच्या गोंडांकडे पाहणे भाग पडले. हाइमेनडॉर्फ मार्लवाई गावी जाऊन राहिला. त्याला दिसले ते असे : गोंड पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसतो, पण पट्ट्यावर नाव भलत्याचेच. पट्टा नसलेली वहिवाट 'शिवाय जमाबंदी' म्हणून वर्षाच्या बोलीवर, आणि ती लिहायची की नाही हे पटवाऱ्याच्या मर्जीवर. लेखणीला सरकार जे देत नव्हते ते लेखणी रयतेकडून घेत होती. त्याच्या प्रयत्नांनी पुढच्या काही वर्षांत त्या जिल्ह्यातल्या आदिवासींच्या नावे एक लाख एकरांहून अधिक जमीन चढली. त्याने केलेली दुसरी गोष्ट मला, शिक्षक म्हणून, अधिक मोलाची वाटते. मार्लवाईला गोंड तरुणांना शिकवून शिक्षक करण्याचे केंद्र निघाले आणि देवनागरीत गोंडी क्रमिक पुस्तके तयार झाली. ज्याची नोंद व्हायची त्याच्याच हाती लेखणी द्यावी, हा विचार या डोंगराला तेव्हा प्रथम भेटला.

१९५६ साली भाषेनुसार राज्ये झाली. राजुरा हैदराबादकडून सुटून मुंबई राज्यात आला. आधी नांदेड जिल्ह्यात, मग १९५९ पासून चांद्यात. सीमेची रेघ नकाशावर ओढणे सोपे, दप्तरात ओढणे अवघड. जिवतीच्या टोकाला अशी चौदा गावे आहेत, की ज्यांच्यावर दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला. वर्षानुवर्षे तेथील माणसाकडे दोन शिधापत्रिका, दोन मतदार ओळखपत्रे. माणूस एकच, मोजला दोनदा. आणि तरीही कित्येकांच्या हाती स्वतःच्या शेताचा कागद एकही नाही.

हे मी ऐकीव लिहीत नाही. १९७२ च्या दुष्काळात माझे वडील आम्हां पोरांना घेऊन नांदेडकडून या पहाडावर आले. मी तेव्हा आठ वर्षांचा. वडिलांनी दगड वेचून जमीन मोकळी केली, ज्वारी पेरली, पुढे कापूस आणि तूर. एका वर्षी कागदावर नाव चढवून देतो असे सांगून एका लिहिणाऱ्याने आईच्या पायांतले चांदीचे वाळे नेले. नाव चढले नाही. वाळेही परत आले नाहीत. ती जमीन वनखात्याची की महसुलाची, याचा वाद पुढे आमच्यासारख्या हजारोंच्या मानगुटीवर बसला. वडील गेले तेव्हा त्यांच्या नावावर सातबारा नव्हता. आईच्या थट्टेत 'पटवारी' हा शब्द का आला, आणि तिच्या हसण्याला कडवट चव का होती, हे आता वाचकांच्या ध्यानी आले असेल.

असो. पुढे मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झालो आणि स्वतःच नोंद घेणाऱ्यांच्या पंक्तीत बसलो. १९९१, २००१ आणि २०११ या तिन्ही जनगणनांत मी प्रगणक होतो. आपल्या देशात एकाच वेळी सर्वत्र केलेली पहिली जनगणना १८८१ ची. तेव्हापासून आजपर्यंत हे प्रचंड काम मुख्यतः शिक्षक, पटवारी आणि असेच सरकारी नोकर जोडकाम म्हणून करीत आले. मोबदला म्हणून किरकोळ मानधन. कोलामगुड्यावर मी पायी गेलो. एका म्हातारीने वय सांगितले ते असे : "मोठा पूर आला तेव्हा मी चालत होते." मी पुराचे साल विचारीत चार घरे हिंडलो आणि मग रकान्यात आकडा लिहिला. त्या एका आकड्याला अर्धा दिवस लागला.

जे आकडे असे गोळा होतात त्यांचे पुढे काय होते? अमेरिकेत १८८० च्या जनगणनेची जुळवाजुळव संपायला सात-आठ वर्षे लागली, म्हणून १८९० मध्ये हर्मन हॉलरिथ याची छिद्रपत्रांची यंत्रे लावली गेली. तेथून आकडेमोडीच्या धंद्याला कारखान्याचे रूप आले. आपल्याकडे आकड्यांचे शास्त्र रुजवणाऱ्यांत मराठी माणसे कमी नव्हती. पुण्यात १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली आणि धनंजयराव गाडगीळांनी तेथे खेड्यापाड्यांच्या पाहण्यांची परंपरा घातली. सातारा जिल्ह्यातले पां. वा. सुखात्मे पिकांच्या नमुना-पाहणीचे काम करीत जागतिक अन्न संघटनेपर्यंत पोहोचले. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येऊ लागले तेव्हा कारकुनांच्या संघटनांनी विरोध केला : यंत्र आले, आता लेखणीचे पोट कसे भरणार?

पोट भरले, इतकेच नव्हे तर भरभराट झाली. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याच्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम' हा महासंगणक तयार झाला. त्याच वर्षी आर्थिक धोरण बदलले. हिंजवडीच्या उसाच्या रानात काचेचे वाडे उभे राहिले. २०१२ साली एका नामांकित अमेरिकी व्यापारविषयक नियतकालिकाने विदाशास्त्रज्ञाचा पेशा या शतकातला सर्वांत मोहक म्हणून गौरवला. त्या लेखाच्या दोन लेखकांपैकी एक आडनावाने पाटील. याच धनुर्जय पाटलांना २०१५ मध्ये अमेरिकेच्या सरकारने आपला पहिला मुख्य विदाशास्त्रज्ञ नेमले. इतिहासाचा विनोद पाहा : नांगराच्या निशाणीच्या पाटलाने अखेर लेखणी-दौत उचलली, आणि तीही वॉशिंग्टनात!

पण या भरभराटीचा दर सर्वांना सारखा नाही. पुतण्याने मला समजावून दिले. मोठ्या संगणक कंपन्यांत नव्या पदवीधराला वर्षाला तीन-साडेतीन लाख रुपये मिळतात, आणि हा आकडा गेली दहा-पंधरा वर्षे जवळपास तिथेच आहे. बाजारभाव मात्र तेवढ्यात दुपटीच्या घरात गेले. ज्याला आकड्यांचा अर्थ लावता येतो, यंत्राला शिकवता येते, त्याची मजुरी कितीतरी पट. २०२१-२२ मध्ये माणसे ओढून नेण्याची चढाओढ झाली; नंतर भरती आटली, आणि २०२५ मध्ये मोठमोठ्या कंपन्यांतून हजारोंची कपात झाली. "काका, आता माझी वही तपासायला यंत्रच येऊ लागलं आहे," तो म्हणाला. साठ वर्षांपूर्वीच्या कारकुनाची भीती नव्या अंगरख्यात परत आली आहे.

मग मी त्याला आमच्याकडचा दर सांगितला. अंगणवाडीची ताई २०२१ पासून बालकांची वजने भ्रमणध्वनीवर भरते. २०२३ मध्ये तिचे मानधन ८,३२५ वरून १०,००० रुपये झाले, पुढे त्यात आणखी भर पडली. सातबारा संगणकावर आला. २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा मिळतो. पटवाऱ्याच्या दारात चांदी ठेवावी लागत नाही, ही केवढी सोय! आणि २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतःच करायची : शेतात उभे राहायचे, छायाचित्र काढायचे, भरायचे. हाइमेनडॉर्फचा विचार एका अर्थी पुरा झाला, लेखणी कसणाऱ्याच्या हाती आली. फक्त मजुरी नाही. आणि आमच्या डोंगरात त्या लेखणीला शाई मिळावी म्हणून टेकडी चढून जाळे शोधावे लागते. शिवाय ज्याच्या नावे सातबाराच नाही त्याने पीक कोणत्या गटात नोंदवावे?

पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, आमच्याकडे आकडा येतो तेव्हा तो कुठून आला हे कोणी विचारत नाही. रकाना रिकामा असला तर आम्ही सरासरी टाकतो."

त्या म्हातारीच्या पुराची मला आठवण झाली. तिच्या वयाच्या जागीही कोणी सरासरी टाकली असती तर अर्धा दिवस वाचला असता, आणि ती म्हातारी नोंदीतून गेली असती.

वतन गेले ते बरे झाले. ते परत यावे असे मी म्हणणार नाही. पण वतनात एक गोष्ट होती : नोंद घेणारा आणि नोंदला जाणारा एकाच गावात राहत, एकमेकांचे तोंड पाहत. आता मजुरी एका टोकाला वाढते आणि आकडा दुसऱ्या टोकाला जन्मतो. मध्ये शेकडो किलोमीटरचे अंतर. जिथे आकडा जन्मतो तिथे मजुरी पोहोचली नाही, तर आकडा खोटा होतो. निजामाच्या पटवाऱ्याने हेच शिकवले आहे. यंत्राने तो धडा रद्द होत नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पुतण्या निघाला. आईच्या पाया पडला तेव्हा त्याने तिच्या हातात पुडी ठेवली. तिच्यात चांदीचे वाळे होते. आईने ते उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाली, "हा पटवारी देऊन जातो बाई!" मग डोळे पुसून तिने त्याला जवळ घेतले. "तुझ्या वहीत माझं वय बरोबर लिही हो," ती म्हणाली. "सरासरी नको."