उंद्रीहून दिसलेलं महायुद्ध

साल 1914. श्रावण लागून दहा-बारा दिवस झालेत आणि तुम्ही वऱ्हाडातल्या उंद्रीच्या शिवारात उभे आहात. कपाशी गुडघ्याला आलीय. दोन ओळींमधून डवरा चाललाय, मागं बायका निंदायला बसल्यात. डांबरी सडक नाही, विजेचे खांब नाहीत आणि सोयाबीन हे नाव गावात कुणी ऐकलेलंही नाही. कपाशी, ज्वारी, मधूनमधून तूर. वऱ्हाड नावाला अजून निजामाचा आहे, कारभार इंग्रजांचा, आणि 1903 पासून तो मध्य प्रांताला जोडलेला आहे. शेतकऱ्याला यातलं एवढंच कळतं की सारा पटवाऱ्याकडं भरायचा.

तुम्हाला जे ठाऊक आहे ते या शिवारात कुणालाच ठाऊक नाही. 28 जूनला साराजेवो गावात गाव्रिलो प्रिन्सिप नावाच्या 19 वर्षांच्या पोरानं ऑस्ट्रियाच्या युवराजाला आणि त्याच्या बायकोला गोळ्या घातल्या. महिन्यानं ऑस्ट्रिया सर्बियावर चालून गेला. सर्बियाच्या पाठीशी रशिया होता, ऑस्ट्रियाच्या पाठीशी जर्मनी, रशियाच्या बाजूला फ्रान्स. फ्रान्सवर जायला जर्मनांनी बेल्जियममधून वाट काढली आणि 4 ऑगस्टला इंग्लंड उतरलं. इंग्लंड उतरलं म्हणून व्हाइसरॉय हार्डिंग यांनी हिंदुस्थानही उतरल्याचं जाहीर केलं. उंद्रीला कुणी विचारलं नाही. नागपूरला, पुण्यालाही विचारलं नाही. तीस कोटी माणसं एका फर्मानानं युद्धात गेली आणि इथं निंदण चालूच राहिलं.

बातमी येते ती केसरीतून, तीही शिळी. पारावर मास्तर मोठ्यानं वाचतात, बाकीचे ऐकतात. खरं तर सगळ्यांचं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडं आहे: टिळक महाराज सहा वर्षांनी मंडालेहून सुटून आलेत. ऑगस्टच्या शेवटी त्यांचं पत्रक येतं, या संकटात सरकारला साहाय्य करावं असं. ऐकणाऱ्यांना ते कोड्यासारखं वाटतं. ज्या सरकारनं तुरुंगात घातलं त्यालाच मदत? टिळकांचा हिशेब पुढं उघड होतो. रक्त द्यायचं तर बदल्यात स्वराज्य मागायचं. 1916 च्या एप्रिलमध्ये बेळगावला होमरूल लीग उभी राहते, तिच्या कार्यक्षेत्रात वऱ्हाडही आहे आणि अमरावतीचे दादासाहेब खापर्डे टिळकांच्या सोबत आहेत.

पण आपण उंद्रीतच थांबू, कारण इथं युद्ध पोचायला तीनच महिने लागतात.

दिवाळी झाली. पहिली वेचणी घरात आली. पहाटेच्या अंधारात बंडी जुंपतात आणि तुम्ही कापसाच्या ढिगावर पाय पसरून बसता. बंडी घाट उतरून खामगावच्या वाटेला लागते. खामगाव म्हणजे या भागाचा लिव्हरपूलच. 1870 मध्ये खास कापसासाठी जलंबहून इथवर रेल्वेचा फाटा आणला गेला, उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. 1897 च्या कायद्यानं बाजाराला कमिटी आहे, नियम आहेत. जिनांच्या धुराड्यांची रांग लांबून दिसते.

यंदा बाजारात बंड्या आहेत, गलका नाही. व्यापारी ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, आतला मूठभर कापूस ओढून काढतो, सरकीपासून धागा सोडवतो आणि दोन्ही अंगठ्यांत धरून हळूच ताणतो. तुटतो तिथं बघतो. पत्ती किती, कवडी किती, ओल आहे का. गेल्या साली एवढं झालं की अडत्या बोली सुरू करायचा. आज व्यापारी तो धागा तसाच खाली टाकतो.

"काय म्हणते भाव?" तुमचा गाडीवान विचारतो.

अडत्या आकडा सांगतो. गाडीवानाला वाटतं, आपण चुकीचं ऐकलं. पुन्हा विचारतो. तोच आकडा.

"काहून बावा? कापसाले काय झालं?"

"कापसाले काही नाही झालं. लढाई लागली."

वऱ्हाडी कापूस आखूड धाग्याचा. बाजारात त्याला अमरावतीच्या नावावरून 'ऊमरा' म्हणतात. लँकेशायरच्या गिरण्यांना लांब धागा लागतो, त्यांना अमेरिकेचा आणि मिसरचा कापूस प्यारा. आपला माल घ्यायचे ते जपान आणि युरोपातले लोक: जर्मनी, बेल्जियम, ऑस्ट्रिया, इटली. उंद्रीचा कापूस मुंबईहून ब्रेमेनला, अँटवर्पला, ट्रिएस्टला जायचा. ऑगस्टमध्ये यातली जर्मनी आणि ऑस्ट्रिया ही गिऱ्हाइकं शत्रू ठरली, बेल्जियम तर जर्मनांच्या टाचेखाली गेला. जहाजं मिळेनात. लिव्हरपूल आणि न्यूयॉर्कचे कापूसबाजार जुलैअखेरीस बंद झाले होते, त्यामुळं भाव कुणाला विचारायचा हेच मुंबईला कळेना. मुंबईला कळेना तर खामगावला कसं कळणार? साराजेवोतली गोळी अशी फिरून उंद्रीच्या बंडीला लागली.

आणि सारा भावावर ठरत नाही. तो ठरलेला आहे. सावकाराचं व्याजही ठरलेलं आहे. माल परत न्यावा तर घाट चढून बैलांचे हाल, आणि घरी ठेवून करायचं काय? पडेल भावात बंडी रिकामी होते. युद्धाच्या इतिहासात 1914 च्या हिवाळ्यावर फ्रान्समधल्या खंदकांची पानंच्या पानं आहेत. वऱ्हाडातल्या या बाजारदिवसांना एक ओळ मिळाली तरी खूप, आणि मला ते फार चुकीचं वाटतं. हिंदुस्थानी प्रजेच्या फार मोठ्या भागाला युद्ध पहिल्यांदा भेटलं ते असंच, हातात आलेल्या कमी पैशांतून.

पुढची दोन वर्षं भराभर ओलांडा. वऱ्हाडातून पलटणीत फार माणसं गेली नाहीत, भरतीचा जोर पंजाबात, आणि मराठी मुलखात साताऱ्याकडं, कोकणात. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यासारख्या एकेका गावानं डझनावारी जवान गमावले. मराठा पलटणी मेसोपोटेमियात उतरल्या, बसरा घेतलं, बगदादच्या दिशेनं टेसिफॉनपर्यंत गेल्या आणि तिथून मागं हटून कूत-अल-अमारात कोंडल्या गेल्या. 103 वी, 110 वी, 117 वी या तिन्ही तिथं होत्या. घोड्याचं मांस खायचं की उपाशी राहायचं इथपर्यंत पाळी आली. 29 एप्रिल 1916 ला अन्न संपलं आणि तेरा हजारांच्या आसपास माणसं तुर्कांच्या हाती गेली. कैदेतल्या वाटचालीत त्यातली पुष्कळ मेली. पारावर हे वाचलं जातं तेव्हा लोक बसरा कुठं आहे ते विचारतात. मास्तर हात पश्चिमेकडं करतात.

आता 1917 च्या शेवटी थांबा. बाजार उलटलाय. जपान कापूस ओढून नेतोय, मुंबईच्या गिरण्या सरकारी कापडासाठी रात्रंदिवस चालल्यात आणि कापसाचा भाव कुणी बघितला नव्हता तिथं गेलाय. उंद्रीत आनंद असायला हवा. पण लुगडं घ्यायला गेलात तर कापडाचा भाव कापसाच्या पुढं पळतोय. मीठ महाग, घासलेट महाग, मिळेल तेव्हा मिळेल. एका हातानं आलेला पैसा दुसऱ्या हातानं जातोय.

आणि पैसाही तो पैसा नाही. अडत्या तुमच्या गाडीवानाच्या तळहातावर चांदीच्या रुपयांऐवजी एक कागद ठेवतो. पहिल्यांदाच निघालेली एक रुपयाची नोट. तिच्यावर पंचम जॉर्जच्या रुपयाचं चित्र छापलंय. गाडीवान ती उलटीसुलटी करतो. खिशातून खरा रुपया काढून दगडावर वाजवतो, मग नोटेकडं बघतो. खामगाव चांदीचं गाव, इथल्या माणसाला चांदीचा नाद ओळखता येतो. युद्धापायी चांदी इतकी चढलीय की रुपयातली चांदी रुपयापेक्षा महाग झाली, सरकारनं नाणी वितळवायला बंदी घातली आणि कागद काढला. ज्याच्या घरी चार नाणी आहेत तो ती कणगीच्या तळाशी पुरतो. शेवटी नोट घेण्यावाचून गाडीवानाला इलाज नसतो. तो ती पागोट्यात खोचतो.

त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारनं ब्रिटनला युद्धखर्चासाठी दहा कोटी पौंड दिले. त्याला भेट म्हटलं गेलं. देणाऱ्यांत हा गाडीवानही होता, फक्त ते त्याला सांगितलेलं नव्हतं.

1918 चा पाऊस लवकर निघून गेला. ज्वारी कणसात आली नाही, कपाशीची बोंडं बारीक राहिली. जूनमध्ये मुंबईच्या गोदीकडून एक ताप निघाला होता, तो तेव्हा सौम्य होता. सप्टेंबरात तो परत आला आणि रेल्वेनं आला. मुंबई, भुसावळ, जलंब, खामगाव, आणि खामगावहून बाजार करून परतणाऱ्या बंड्यांतून घाटावर. कापूस ज्या वाटेनं जायचा त्याच वाटेनं उलटा. सैन्यांच्या हालचालींनी तो जगभर पोचवला होता. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हिंदुस्थानातल्या सगळ्यांत जास्त होरपळलेल्या भागांत मोडतात; देशभरात सव्वा कोटीच्या आसपास माणसं मेल्याचा अंदाज आहे, काहींचा त्याहून पुष्कळ मोठा.

उंद्रीत त्या ऑक्टोबरात एका घरासमोर उभे राहा. दार उघडं आहे. आत घरधनी अंथरुणावर, त्याची पोटुशी बायको शेजारी, दोघांनाही धाप. म्हातारी तेवढी हिंडतेय. हा ताप म्हाताऱ्यांना सोडून तरण्यांना धरतो, वीस ते चाळीस वयाच्या कमावत्या माणसांना. ओठ निळे पडतात, नाकातून रक्त येतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी संपतं. म्हातारी पेज करते, पण शेजारच्या घरी पेज करायलाही कुणी नाही. औषध नाही. धान्य महाग म्हणून अंगात ताकद नाही. सरणाला लाकडं पुरत नाहीत. जन्ममृत्यूच्या वहीत कारणाच्या रकान्यात एकच शब्द खाली खाली लिहीत जातात: ताप.

शेतात कपाशी फुटलीय. भाव आहे आणि वेचायला माणूस नाही. पांढरी बोंडं झाडावर लोंबतात, वारा आला की कापूस मातीत पडतो. 1914 ला माणसं होती, माल होता, गिऱ्हाईक नव्हतं. चार वर्षांत हिशेब पुरता फिरला.

11 नोव्हेंबरला दिवाळी होऊन आठवडा झालेला असतो. फ्रान्समध्ये काँपिएन्याच्या रानात रेल्वेच्या डब्यात पहाटे सह्या होतात आणि सकाळी 11 वाजता तोफा थांबतात. उंद्रीत तेव्हा दुपारचे साडेचार. तुम्ही गल्लीतून फिरा, कुणालाही त्या वेळेचं काही नाही. बातमी येईल तेव्हा मास्तर वाचतील, मास्तर उरले असतील तर. परदेशात लढून मेलेल्या हिंदुस्थानी सैनिकांचा आकडा 74 हजारांवर जातो, त्यांची नावं दगडांवर कोरली जातील आणि ते रास्तच आहे. या गल्लीतल्यांना मात्र मी युद्धात मेलेलेच मानतो. त्यांचा कापूस, त्यांचं धान्य, त्यांची चांदी युद्धानं आधी नेली आणि मग रिकाम्या अंगावर ताप घातला.

28 जून 1919 ला व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या, साराजेवोला त्याच दिवशी पाच वर्षं पुरी झाली. हिंदुस्थानच्या वतीनं भारतमंत्री मॉन्टेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांनी सही केली. उंद्रीत त्या वेळी मृग उलटून पेरणीची घाई आहे. तुम्ही बांधावर जाऊन तुमच्या गाडीवानाला विचारता, यंदा कपाशी किती लावणार.

"वेचणारे उरले तेवढी," तो म्हणतो आणि बैलांना हाळी देतो.