रानटी लोंबीचा वारस

१९६३ मध्ये कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेतले एस. डी. शर्मा यांनी उत्तर प्रदेशातल्या गोंडा भागातून एका रानटी भाताचं बी गोळा केलं. पावसाळी डबक्यांच्या काठी आपोआप उगवणारं हे गवत. दाण्याला लांब कुसळ, आणि पिकल्याबरोबर दाणे चिखलात झडून जाणार. शेतकऱ्याच्या लेखी ते तणच. त्या मुलखात अशा रानभाताला तिन्नी म्हणतात आणि त्याचे तांदूळ उपवासाला खातात. आपल्याकडचं देवभात त्याच गोतातलं. पुढे १९६५ मध्ये शर्मा आणि एस. व्ही. एस. शास्त्री यांनी या जातीला ओरायझा निवारा हे नाव दिलं. ते जुन्या संस्कृत ग्रंथांतल्या नीवारावरून आलं आहे.

हा नमुना फिलिपिन्समधल्या लॉस बान्योसला, आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या जीन बँकेत पोचला. तिथे त्याला १०१५०८ हा क्रमांक मिळाला. त्याचा काय उपयोग होणार, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि या कथेतली सगळ्यात मोलाची गोष्ट मला हीच वाटते. ज्या रोगावर तो पुढे कामी आला, त्या ‘ग्रासी स्टंट’चं शास्त्रीय वर्णन छापून आलं ते १९६६ मध्ये. बी त्याच्या तीन वर्षं आधीच गोळा झालं होतं.

त्याच १९६६ साली आयआर-८ हा बुटका, खताला भरभरून प्रतिसाद देणारा वाण बाहेर पडला. आशियाभर खाचरांत त्याची आणि त्याच्या भावंडांची लावणी होऊ लागली. दाट लागवड, भरपूर नत्र, एकामागोमाग दुसरं पीक, आणि सगळीकडे जवळजवळ एकाच रक्ताची रोपं. तपकिरी तुडतुड्यांना याहून चांगलं काय मिळणार? ते रस शोषतातच, शिवाय ग्रासी स्टंटचा विषाणूही पसरवतात. रोप खुजं राहतं, गवतासारखे दाट फुटवे फुटतात आणि लोंबी जवळजवळ धरतच नाही. १९७० च्या दशकात फिलिपिन्स, इंडोनेशियापासून केरळपर्यंत हे संकट पसरलं.

लॉस बान्योसच्या शास्त्रज्ञांनी जीन बँक उघडली. रोगट रोपांवर पोसलेले तुडतुडे कोवळ्या रोपांवर सोडायचे आणि कोण तगतं ते पाहायचं, अशी परीक्षा. सहा हजारांहून अधिक नमुने तपासले गेले. टिकला तो एकच, गोंड्याचा रानभात.

पण तण म्हणजे वाण नव्हे. प्रतिकाराबरोबर झडणारा दाणा, कुसळ, आडवी वाढ हेही सगळं संततीत उतरतं. पैदासकार गुरदेव खुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रानभाताचा आयआर-२४ या सुधारित वाणाशी संकर केला आणि जी संतती रोगाला पुरून उरली, तिचा पुन्हा आयआर-२४ शी, असं आणखी तीनदा केलं. दर पिढीला रानटी रक्त निम्मं होत गेलं आणि सरासरी सोळावा हिस्सा उरला. प्रतिकार एकाच प्रभावी जनुकावर अवलंबून असल्यामुळे तो दर पिढीत रोपावर उघड दिसत होता, म्हणूनच हे साधलं. मग त्यात इतर वाणांची भर पडली. त्यातला एक कटकहून आलेला होता, आणि गादमाशीला तोंड देणाऱ्या, केरळातल्या पट्टांबीच्या जुन्या वाणांचं रक्त त्याच्यात होतं.

या वंशातून १९७६ मध्ये आयआर-३६ बाहेर पडला. आयआर-८ ला सुमारे १३० दिवस लागत, हा ११० दिवसांत तयार होई. १९८० च्या दशकात त्याची लागवड १ कोटी १० लाख हेक्टरांवर गेली. तोवर जगात कोणताही भातवाण एवढ्या क्षेत्रावर लावला गेला नव्हता. नंतरच्या आयआर-६४ च्या वंशावळीतही गोंड्याचं हे रोप आहे. खुश यांना १९९६ मध्ये हेन्री बीचेल यांच्यासह जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

कथा इथे संपत नाही. १९८० च्या दशकातच ग्रासी स्टंटच्या विषाणूचा दुसरा प्रकार आढळला आणि त्याच्यापुढे गोंड्याचं जनुक चालेना. जीन बँकेत बी वाळवून उणे २० अंशांत पिढ्यान्‌पिढ्या टिकवता येतं, हे खरं. उगवण कमी झाली की ते शेतात लावून नवं बीही घेतात. पण तिथे पोचलेलंच बी तिथे टिकतं. इकडे डबकी बुजवली जातात, काठ बांधले जातात, आणि शेजारच्या सुधारित भाताचे परागकण रानभातात मिसळून त्याचं मूळ रूप हरवत चाललं आहे. एक जनुक हाती लागलं म्हणून निर्धास्त राहण्याजोगी ही स्थिती नाही.

तुमच्या गावच्या तळ्याकाठी देवभात उगवत असेल, किंवा घरात आजोबांच्या वेळचा एखादा वाण अजून पेरला जात असेल, तर तळं बुजण्याआधी, वाण बदलण्याआधी त्याच्या चार लोंब्या पिशवीत घाला. पिशवीवर गाव, जागा, तारीख आणि स्थानिक नाव लिहा, आणि ती कृषी विद्यापीठात किंवा राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या अकोला केंद्रात पोचवा.