रापणीची दोरी आणि ‘खुळो’ माणूस

मालवणीत ‘खुळो’ ही शिवी आहे की नाही, हे तो शब्द कोण, कोणत्या सुरात उच्चारतो यावर ठरते. आई मुलाला म्हणते तेव्हा त्यात लाड असतो. पण तोच शब्द एखाद्याच्या नावामागे कायमचा चिकटला, की त्याचे लग्न, जमिनीतला हिस्सा, पंगतीतली जागा असे बरेच काही त्याने ठरून जाते. आता ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ हा शब्द शिक्षकांच्या प्रशिक्षणांतून आमच्यापर्यंत येऊन पोहोचला आहे. १९९० च्या दशकात ऑटिझम असलेल्या व्यक्तींच्या इंटरनेटवरील चर्चांतून ही कल्पना आकाराला आली आणि १९९८ मध्ये ज्युडी सिंगर या ऑस्ट्रेलियन अभ्यासिकेच्या प्रबंधातून तो शब्द समाजशास्त्रात आला. मेंदूची घडण माणसागणिक वेगळी असते आणि हा वेगळेपणा म्हणजे दर वेळी दुरुस्त करायचा बिघाड नव्हे, हा त्याचा गाभा. शब्द परका खरा. पण अशी माणसे आणि त्यांना कामात सामावून घेण्याच्या (किंवा न घेण्याच्या) रीती आपल्या किनाऱ्यावर पूर्वापार आहेत.

रापणीचे उदाहरण घ्यावे. होडीतून अर्धवर्तुळाकार जाळे सोडायचे आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून दोन जथ्यांनी ओढायची, अशी ही सामूहिक मासेमारी. तिला पुष्कळ हात लागतात आणि ते सगळे सारखे असून चालत नाहीत. पाण्याचा बदललेला रंग आणि पक्ष्यांची झेप पाहून मासळीचा थवा ओळखणारा एक, वल्हवणारे दुसरे, जाळे विणणारे तिसरे. दोरीवर मात्र कोणीही चालतो. लहानपणी मालवणच्या चिवला किनाऱ्यावर मी एक गृहस्थ पाहत असे. ते कोणाशी फारसे बोलत नसत. गलका वाढला की कान झाकून दूर जाऊन बसत. पण ओढून झालेल्या ओल्या दोरीची वेटोळी ते अशी काही रचून ठेवत, की दुसऱ्या दिवशी होडीतून ती विनागुंता सुटे. त्यांच्या रचनेला दुसऱ्याने हात लावलेला त्यांना खपत नसे आणि कोणी लावतही नसे. वाटणीच्या वेळी ते हजर नसले तर एखादा म्हातारा हमखास म्हणे, “तेचो वाटो काढून ठेव रे.” त्यांनाही माघारी ‘खुळो’च म्हणत. पण वाटा मिळे.

एवढ्यावरून जुन्या गावाचे गोडवे गाऊ नयेत. याच गावांत अशा माणसांना पोरे दगड मारीत, घरचे बांधून ठेवीत, बाधा म्हणून देवापुढे गाऱ्हाणे घातले जाई. आणि जे दोरीवरही उभे राहू शकत नव्हते, त्यांचे काय होई, हे किनाऱ्यावर दिसत नसे. ते माजघरात असत.

१८५८ च्या कायद्याने वेड हा दंडाधिकारी आणि डॉक्टर यांच्या दाखल्याचा विषय झाला. १८८६ मध्ये रत्नागिरीत मनोरुग्णालय उभे राहिले. मालवण, वेंगुर्ले तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होते. सिंधुदुर्ग वेगळा झाला १ मे १९८१ रोजी. ‘ह्याका रत्नागिरीक धाडूक होयो’ ही आमच्याकडची थट्टा त्या इमारतीइतकी जुनी असावी. त्या काळच्या अशा संस्थांतून रुग्णांकडून बागकाम, विणकाम करून घेत, म्हणजे काम तिथेही होते. फरक एवढाच, की ते उपचार म्हणून होते आणि त्यात वाटा नव्हता. मला हा फरक फार मोठा वाटतो.

वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचे जयवंत दळवी (१९२५–१९९४) यांचे लेखन या संदर्भात पुन्हा वाचायला हवे. ‘सारे प्रवासी घडीचे’ आपण विनोदी पुस्तक म्हणून शिकवतो आणि तिथेच थांबतो. विक्षिप्तपणा हा दळवींच्या गावात अपवाद नाही, ती तिथली रीत आहे. म्हणूनच ती माणसे हास्यास्पद होऊनही गावाबाहेर पडत नाहीत. याच लेखकाने पुढे ‘नातीगोती’मध्ये शहरी घरातला मतिमंद मुलगा रंगभूमीवर आणला. गाव सुटले आहे, चौकट आईबापांपुरती उरली आहे. नाटकाचे नावच सांगते, की प्रश्न नात्यांचा, सांभाळण्याचा आहे. या मुलाला जगात काही काम असेल का, हा प्रश्न मराठी साहित्याने अजूनही नीट विचारलेला नाही, असे माझे मत आहे.

कायद्यानेही तो उशिराच विचारला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या यादीत मतिमंदत्व आणि मानसिक आजार होते; पण नोकरीतील ३ टक्के आरक्षण दृष्टी, श्रवण आणि हालचालींशी संबंधित अपंगत्वापुरते होते. २०१६ च्या कायद्याने आरक्षण ४ टक्के केले. त्यातील १ टक्क्यात ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांना एकत्र जागा मिळाली. शिवाय नोकरीत ‘वाजवी सोयी’ पुरवण्याचे बंधन सरकारी आस्थापनांवर आले. या सोयी बहुधा स्वस्त असतात: सूचना तोंडी न देता लिहून देणे, वर्दळीपासून दूरचे टेबल, कामाचा क्रम ऐनवेळी न बदलणे. चिवल्यावर त्या वेटोळ्यांना कोणी हात लावत नसे, तोही याच जातीचा नियम होता.

दरम्यान किनाराही बदलला. ट्रॉलर आणि पर्ससीन नौका आल्या. पर्ससीनवर राज्य शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी निर्बंध घातले, तोवर रापणी पुष्कळ कमी झाल्या होत्या. यंत्रनौकेवर माणसे मोजकी, वेग मोठा. तिथे दोरीचे मोकळे टोक उरत नाही.

माझा एक विद्यार्थी, मच्छीमार घरातला. अध्ययन अक्षमतेच्या दाखल्यावर त्याला दहावी-बारावीला जादा वेळ मिळाला, पुढे तो मराठी घेऊन एम.ए. झाला. व्याकरणात त्याच्याइतका काटेकोर मुलगा मी पाहिलेला नाही. एका संस्थेत मुलाखतीला गेला, तेव्हा “आमच्याकडे बघून का बोलत नाही?” असे त्याला तीनदा विचारण्यात आले. जादा वेळ परीक्षेला असतो, मुलाखतीला नसतो. सध्या तो मासळीच्या लिलावाचा हिशेब ठेवतो. पावसाळ्याआधी भेटला, तेव्हा समुद्राकडे पाहत त्याने मला सुरमईचे गेल्या हंगामातले भाव तारीखवार सांगितले, आणि मग, माझ्या जुन्या टिपणांतली ऱ्हस्व-दीर्घाची एक चूकही.