पाण्याचा काटा

आमच्या भागात ट्रक आला तो गवतासाठी आणि लाकडासाठी. डहाणू-तलासरीचं गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं. आधी बैलगाडीनं डहाणूरोडच्या वखारीत, तिथं दाबून गठ्ठे बांधायचे, मग रेल्वेच्या वाघिणीत. ह्याच गवताच्या मजुरीवरून १९४५ साली वारल्यांनी संप केला. त्यावर गोदावरीबाई परुळेकरांनी लिहिलंय, मी काय सांगणार. मला सांगायचंय ते गवताच्या ओझ्याखाली तापणाऱ्या इंजिनाचं.

इंजिन तापतं आणि त्याला पाणी लागतं, हे आम्हाला ट्रकच्याही आधी विहिरीनं शिकवलं. पुण्याला खडकीत किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना १९४६ साली निघाला. तसली इंजिनं हळूहळू आमच्या चिकूच्या वाड्यांत आली. टुक टुक टुक, अर्ध्या गावाला ऐकू जायचं. त्या इंजिनाला ना काटा ना दिवा. विहिरीचंच थोडं पाणी इंजिनाच्या अंगातून फिरवून बाहेर सोडलेलं असायचं. त्या धारेखाली हात धरायचा. धार गार असली तर कॉक थोडा आवळायचा, कारण गार इंजिन धूर ओकतं आणि डिझेल खातं. हात पटकन मागं घ्यावा लागला तर कॉक सोडायचा. माणसाच्या हाताला पन्नास अंशांच्या पुढं फार वेळ सोसत नाही. म्हंजे हात हेच थर्मामीटर. आमच्या वाडीत हे काम आईसुद्धा करायची, भाकरी थापता थापता उठून.

ट्रकचं तसं नाही. तिथं पाणी बाहेर पडत नाही, तेच ते आत फिरतं. १९५४ साली टाटांच्या टेल्कोनं जर्मनीच्या डेमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज निघाल्या. १९६९ला करार संपला, पुढचा तारा गेला, पण आमचे जुने ड्रायव्हर नंतरही तिला मर्सिडीजच म्हणायचे. मग १२१० आली. बारा म्हंजे एकूण वजन बारा टन आणि दहा म्हंजे शंभराच्या आसपास घोडे, असा ढोबळ हिशेब. गवत वजनाला हलकं, पण गठ्ठे इतके उंच रचायचे की गाडी चालत्या गंजीसारखी दिसायची. वारा अडायचा, चढाला इंजिन रडायचं.

त्या गाड्यांत पाण्याचा काटा होता. इंजिनाच्या डोक्यात, पाण्यात बुडालेला एक छोटा फुगा, तिथून डॅशबोर्डापर्यंत केसासारखी बारीक तांब्याची नळी. आतल्या द्रवाची वाफ होते, तिचा दाब काट्याला ढकलतो. नळी चेपली की काटा मेला. पुढं विजेचा काटा आला, त्याची वायर तुटली की तोही खालीच बसतो. काटा ऐंशी ते पंच्याण्णवच्या मधे राहिला की ड्रायव्हर बिडी पेटवायचा. रेडिएटरचं झाकणही साधं नव्हे. ते पाणी दाबून धरतं, आणि दर पौंड दाबामागं उकळी सुमारे दीड अंशानं पुढं ढकलली जाते. सात पौंडांचं झाकण असेल तर पाणी शंभराला न उकळता एकशेदहाच्या आसपास उकळतं. म्हणूनच तापलेल्या गाडीचं झाकण उघडलं की ते पाणी एकदम वाफ होऊन उसळतं. आमच्या पाड्यांवरची कितीतरी पोरं क्लीनर म्हणून गेली आणि हातावर, गळ्यावर ते डाग घेऊन परत आली. ओलं गोणपाट टाकून झाकण अर्धं फिरवावं, वाफ जाऊ द्यावी, हे त्यांना भाजल्यावरच कळायचं.

मेस्त्री लोकांचा एक उद्योग होता. गाडी गरम होते म्हटलं की थर्मोस्टॅटच काढून टाकायचे. थर्मोस्टॅट म्हंजे पाण्याच्या वाटेतलं दार, इंजिन तापेपर्यंत बंद राहणारं. ते काढलं की काटा खाली यायचा आणि मालक खूश. पण इंजिन मग सकाळभर गारच चालतं, डिझेल पुरतं जळत नाही, सिलिंडर झिजतात. रोग तसाच, काटा तेवढा बरा.

आता ऑइल. पाणी फक्त सिलिंडरच्या आणि हेडच्या भोवती फिरतं. खाली क्रँक, बेरिंगं, पिस्टनची बूड, ह्यांची उष्णता ऑइल नेतं. ते पाण्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी जास्तच तापलेलं असतं, सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. तोरंगणचा घाट चढून मोखाड्याची गाडी वर आली की पाण्याचा काटा थोड्या वेळात जागेवर येतो, ऑइल मात्र अजून धगधगतच असतं. एकशेवीसच्या पुढं ते पातळ होतं आणि लवकर जळून काळं पडतं. ऑइलचं तापमान दाखवणारा काटा मात्र त्या गाड्यांत नव्हताच, दाबाचा होता. जाणता उस्ताद त्यावरून ताडायचा: गाडी उभी करून रिकामी चालू ठेवली आणि दाबाचा काटा रोजच्यापेक्षा खाली गेला, तर ऑइल पाण्यासारखं झालंय. मग पाच मिनिटं तशीच चालू ठेवायची. गज काढून दोन बोटांत ऑइल चोळून बघायचं, नाकाशी न्यायचं. त्यात पांढरट दुधाळ दिसलं तर हेड गॅसकेट गेलं, ऑइलात पाणी शिरलं.

मॅट्रिक झाल्यावर मी एका वखारीत दोन हंगाम गठ्ठे मोजायला होतो. आमच्या शेजारच्या पाड्यावरचा एक वारली गडी तिथं ट्रकवर होता. क्लीनरचा ड्रायव्हर झालेला, आमच्या बाजूचा पहिलाच. घरात पहिलं घड्याळ त्याचंच. एका रात्री चारोटी सोडून मेंढवणच्या खिंडीत चढताना त्याची गाडी तापली. काटा वर गेला, आणि मग आपोआप खाली आला. तो म्हणाला, निवली. मनोरच्या अलीकडं इंजिन जाम. खालचा होजपाइप फाटून सगळं पाणी रस्त्यावर गेलं होतं.

मालकानं वखारीत सगळ्यांदेखत विचारलं, काटा बघत नव्हतास? तो म्हणाला, "शेट, बघत होतो. काटा खाली होता." मालक म्हणाला, इंजिन जळालं आणि काटा खाली? झोपला होतास आणि वर खोटं बोलतोस. पगारातून पैसे कापायचे ठरलं. महिनाभर कापलेही, मग तो स्वतःच आला नाही. त्याला परत कोणी गाडी दिली नाही. झोपाळू म्हणून नाव झालं आणि ते चारोटीपासून तलासरीपर्यंत पोचलं.

बऱ्याच वर्षांनी वापीच्या एका मेस्त्रीनं मला इंजिन उघडून तो फुगा दाखवला. म्हणाला, हा पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. पाणी गेलं की हा नुसत्या हवेत लोंबतो, भोवतीचं लोखंड लाल झालं तरी काटा खाली येऊ शकतो. त्या गड्यानं जे पाहिलं तेच सांगितलं होतं. मी मुद्दाम त्याच्या घरी जाऊन हे सांगितलं. तेव्हा तो दुसऱ्याच्या वाडीत पाण्याचं इंजिन चालवत होता. त्यानं ऐकून घेतलं, म्हणाला, "आता मालक पण मेला." आणि धारेखाली हात धरून कॉक फिरवायला गेला.

आता २०२०च्या बीएस-सहाच्या गाड्यांत कॉम्प्युटर आहे. पाणी कमी झालं की वेगळा दिवा लागतो, फार तापलं तर इंजिनच आपली ताकद कमी करतं. माझा पुतण्या चिकू घेऊन दिल्लीपर्यंत जातो, उन्हाळ्यात राजस्थानातून. त्याच्या डॅशबोर्डावर पाण्याचा काटा आहे, ऑइलच्या तापमानाचा अजूनही नाही. टर्बोची बेरिंगंही त्याच ऑइलवर, म्हणून ढाब्यावर गाडी लावली की तो तीन मिनिटं इंजिन बंद करत नाही. मागची गाडी हॉर्न देते, देऊ द्या म्हणतो.