संच-मोटारगाडी : गिअरबॉक्सची सुगमता

संच-मोटारगाडी : उत्पादकाने सुट्या भागांच्या संचाच्या रूपात विकलेली व ग्राहकाने स्वतः जुळविलेली मोटारगाडी. सांगाडा व काया संचाचा उत्पादक पुरवितो. एंजिन, गिअरबॉक्स (दंतचक्रपेटी), आस इ. भाग बहुधा मोठ्या संख्येने निर्माण झालेल्या एखाद्या जुन्या गाडीतून काढून घेतले जातात. या जुन्या गाडीस ‘दाता गाडी’ म्हणतात. संच-गाड्यांपैकी बहुसंख्य गाड्या दोन आसनांच्या, हलक्या व ठेंगण्या क्रीडामोटारी आहेत. अशा गाडीत गिअरबॉक्सपर्यंत हात व हत्यार कसे पोहोचावे, हा प्रश्न संच-गाडीच्या उदयापासून तिच्या रचनाकारांपुढे उभा आहे. गाडी जुळविणारा व तिची दुरुस्ती करणारा मनुष्य येथे बहुधा एकच असल्याने, गाडी दीर्घकाळ रस्त्यावर राहील की घराच्या आवारात झाकून पडेल, हे पुष्कळदा या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

अडचणीचे स्वरूप : पुढे एंजिन व मागील चाकांना चालना अशी मांडणी असलेल्या गाडीत गिअरबॉक्स एंजिनाच्या मागे, दोन्ही आसनांच्या मधोमध येते. तिच्यावर व प्रचालक दंडावर जे लांबट आच्छादन असते त्यास ‘बोगदा’ म्हणतात. नेहमीच्या गाडीत हा बोगदा बऱ्यापैकी रुंद असतो. शिवाय गाडी उंच असल्याने कारागिराला खालून काम करता येते. क्रीडामोटारीची जमिनीपासूनची उंची थोडी व रुंदी कमी असते. परिणामी बोगदा अरुंद होतो आणि गिअरबॉक्सच्या बाजूस असलेले वंगण भरण्याचे बूच, वेगदर्शकाची तार, मागील दिव्याचा स्विच व प्रचालक दंडाचे बोल्ट ही सर्व स्थाने पत्र्याआड जातात. क्लचची तबकडी झिजली, तर एंजिन व गिअरबॉक्स एकमेकांपासून वेगळी करणे अपरिहार्य असते.

तथापि बोगदा केवळ आच्छादन नसतो. छत नसलेल्या गाडीचा सांगाडा पिळला जाऊ नये म्हणून लागणाऱ्या दृढतेत त्याचा वाटा मोठा असतो. तसेच प्रचालक दंड तुटल्यास प्रवाशांच्या पायांचे रक्षणही तोच करतो. म्हणून बोगद्याला झाकण ठेवणे म्हणजे एका भारवाही घटकाला छेद देणे होय. सुगमता व दृढता यांमधील हा विरोधच या विषयाच्या इतिहासाचे सूत्र आहे.

पूर्वपीठिका : दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या बहुतेक गाड्यांत सांगाडा स्वतंत्र असे व काया त्यावर बोल्टांनी बसविलेली असे. आसनांपुढील लाकडी फळ्या उचलल्या की गिअरबॉक्स दृष्टीस पडे. १९२२ ते १९३९ या काळात निर्माण झालेली ब्रिटनमधील ऑस्टिन सेव्हन ही छोटी गाडी युद्धोत्तर काळात स्वस्तात मिळू लागली आणि हौशी मंडळींनी तिची काया उतरवून सांगाड्यावर आपल्या कल्पनेप्रमाणे क्रीडामोटारी उभारल्या. १९३९ मध्ये स्थापन झालेल्या ७५० मोटर क्लबने या छंदाला शर्यतींची जोड दिली. कॉलिन चॅपमन (१९२८–८२) यांनी आपली पहिली गाडी १९४८ मध्ये ऑस्टिन सेव्हनवरच उभारली. पुढे मोटार दुरुस्तीच्या पुस्तिकांसाठी प्रसिद्धीस आलेले जॉन हेन्स यांनीही विद्यार्थिदशेत अशीच गाडी तयार करून १९५६ मध्ये तिच्यावर एक छोटी पुस्तिका काढली होती.

लोटस व केटरहॅम : चॅपमन यांची १९५२ मधील लोटस मार्क सहा ही नळ्यांच्या त्रिमितीय सांगाड्यावर आधारलेली व संचरूपात विकली गेलेली आरंभीची महत्त्वाची गाडी होय. तिच्यामागोमाग १९५७ मध्ये लोटस सेव्हन आली. ब्रिटनमध्ये १९४० पासून लागू असलेला खरेदी कर तयार गाडीवर आकारला जाई, सुट्या भागांवर नव्हे. संचाच्या लोकप्रियतेचे हे प्रमुख कारण होते. संचासोबत जुळणीच्या सूचना देता येत नसल्याने गाडी सुटी करण्याच्या सूचना दिल्या जात व ग्राहकाने त्या उलट क्रमाने वाचाव्यात अशी योजना होती, असे सांगितले जाते. १ एप्रिल १९७३ पासून खरेदी कराच्या जागी मूल्यवर्धित कर आला व संचाचा हा लाभ संपुष्टात आला.

सेव्हनचा सांगाडा पोलादी नळ्यांचा असून त्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटांनी पक्के केलेले असत. १९६० मधील दुसऱ्या मालिकेत नळ्यांची संख्या कमी करण्यात आली. वजन कमी राखण्याच्या या धोरणात नळ्या व पत्रे मिळून भार वाहत असल्याने, वाटेल तो पत्रा सुटा करणे शक्य नव्हते. १९७३ मध्ये सेव्हनचे हक्क केटरहॅम कार्स या संस्थेकडे गेले. तिच्या गाड्यांत बोगद्याचा माथा काढता येतो. त्यामुळे गिअरच्या दांड्याच्या तळाकडील कामे वरून होतात. परंतु क्लच बदलण्यासाठी एंजिन वर उचलून बाहेर काढणे हाच प्रचलित मार्ग राहिला. गाडीचे नाक व एंजिनावरील झाकण सहज उतरत असल्याने हे काम वाटते तितके जिकिरीचे नसते.

लोटसच्याच इतर गाड्यांतून या प्रश्नाच्या निरनिराळ्या बाजू दिसतात. एलान (१९६२) या गाडीत पत्र्याचा कण्यासारखा सांगाडा असून गिअरबॉक्स त्याच्या दुभंगलेल्या पुढील भागात बसते. म्हणून एंजिन व गिअरबॉक्स एकत्रच काढावी लागतात. युरोपा (१९६६) या गाडीत एंजिन आसनांमागे व गिअरबॉक्स त्याच्याही मागे असल्याने बोगद्याची अडचण टळली. मात्र पहिल्या मालिकेत काचतंतू-प्रबलित प्लॅस्टिकची काया सांगाड्याला कायमची चिकटविलेली होती. दृढता वाढली, पण अपघातानंतरची दुरुस्ती फार कठीण झाली. १९६८ मधील दुसऱ्या मालिकेत काया पुन्हा बोल्टांनी बसविण्यात आली.

ट्रायम्फचा आदर्श : सुगमतेचे उत्तम उदाहरण कारखान्यातच बनलेल्या गाड्यांनी घालून दिले. ट्रायम्फ हेराल्ड (१९५९) व स्पिटफायर (१९६२) या गाड्यांत सांगाडा स्वतंत्र होता. भार सांगाड्यावर असल्याने गिअरबॉक्सवरील आच्छादन भारवाही असण्याची गरज नव्हती. ते हलके व स्क्रूंनी बसविलेले होते. आसने व आच्छादन काढले की एंजिनाला हात न लावता गिअरबॉक्स गाडीच्या आतून बाहेर काढता येई. याउलट त्याच १९६२ साली आलेल्या एमजीबी या गाडीत काया व सांगाडा एकसंध असून बोगदा तिचा भारवाही भाग होता. तेथे एंजिन व गिअरबॉक्स एकत्र काढणे हीच रीत होती. हेराल्डचा सांगाडा पुढे अनेक ब्रिटिश संच-गाड्यांचा आधार बनला आणि ही सोय आपोआप त्यांच्याकडे आली.

अमेरिकेतील प्रवाह : अमेरिकेत फोक्सवॅगन बीटल ही प्रमुख दाता गाडी ठरली. ब्रूस मायर्स यांनी १९६४ मध्ये कॅलिफोर्नियात तयार केलेली मायर्स मँक्स ही तिच्यावर आधारलेली वाळूवर धावणारी गाडी विशेष गाजली. बीटलचे एंजिन गाडीच्या अगदी मागे असून ते गिअरबॉक्सला चारच ठिकाणी जोडलेले असते. ते उतरविले की क्लच समोर येतो. १९८० नंतर मात्र कॅरोल शेल्बी यांच्या १९६२ मधील कोब्रा गाडीच्या प्रतिकृतींना मागणी वाढली. १९९५ मध्ये मॅसॅचूसेट्स राज्यात स्थापन झालेल्या फॅक्टरी फाइव्ह रेसिंग या संस्थेच्या संचात फोर्ड मस्टँगचे भाग वापरले गेले. येथे पुन्हा मोठे एंजिन, अरुंद बोगदा व रिव्हेटांनी बसवायचे ॲल्युमिनियमचे पत्रे अशी स्थिती आली आणि बोगद्याचा माथा रिव्हेटांऐवजी स्क्रूंनी बसविण्याची प्रथा हौशी जुळणीकारांत पडली.

स्वनिर्मित गाड्या : इंग्लंडमधील आउंडल स्कूलमधील शिक्षक रॉन चँपियन यांचे केवळ २५० पौंडांत क्रीडामोटार कशी बांधावी हे सांगणारे पुस्तक १९९६ मध्ये हेन्स संस्थेने प्रसिद्ध केले. २५ मिमी. चौकोनी नळ्यांचा सांगाडा व जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग अशी ती योजना होती. सांगाडाही स्वतःच जोडायचा असल्याने बोगद्याची रुंदी, झाकणाची जागा व तिरप्या नळ्यांची मांडणी ठरविण्याचे स्वातंत्र्य प्रथमच सामान्य जुळणीकाराला मिळाले. दाता गाडी बदलली की गिअरबॉक्सचा आकारही बदलतो, हे ध्यानात न घेता सांगाडा जोडल्यास पुढे पत्रे कापण्याची पाळी येते.

सुगमतेचे उपाय : अनुभवातून पुढे आलेले प्रमुख उपाय असे : (१) बोगद्याचा माथा सुटा ठेवणे. पातळ पत्र्यात आटे पडत नाहीत. म्हणून आटे असलेले पोकळ रिव्हेट बसवून त्यांत स्क्रू घालतात. अशा रिव्हेटांचा उगम विमानाच्या पंखांवर हिमरोधक रबरी आवरणे बसविण्याच्या गरजेतून १९३०–४० या दशकात झाला. पाव वळशाने सुटणारी डझस पद्धतीची बंधनेही विमानविद्येतूनच आली. (२) वंगणाच्या बुचासमोर बोगद्याच्या बाजूला छोटे छिद्र ठेवून ते रबरी बुचाने बंद करणे. फोर्डच्या टाइप नऊ या पाच गतींच्या गिअरबॉक्सला तळाशी वंगण काढण्याचे बूच नसल्याने, ती गाडीत बसविण्यापूर्वीच ही सोय करणे इष्ट ठरते. (३) माथ्याखालील तिरपी नळी वितळजोडाऐवजी बोल्टांनी बसविणे. तिच्यामुळे झाकण काढता येते व बसविल्यावर दृढताही परत मिळते. (४) गिअरबॉक्सला आधार देणारा आडवा दांडा सुटा ठेवणे. (५) क्लच चालविणारा द्रवीय सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत न ठेवता बाहेर ठेवणे. आतील सिलिंडरची सील गळू लागल्यास एका लहान भागासाठी संपूर्ण गिअरबॉक्स उतरवावी लागते.

सुरक्षितता : झाकण सैल राहिल्यास उष्णता, धूर व आवाज आसनांपर्यंत पोहोचतात, म्हणून कडेला सीलपट्टी लावतात. प्रचालक दंडाभोवती पोलादी कडे बसविणे आवश्यक असते, कारण पातळ झाकण तुटलेला दंड रोखू शकत नाही. ब्रिटनमध्ये हौशी बनावटीच्या गाड्यांसाठी १९९८ पासून स्वतंत्र तपासणी अनिवार्य झाली व २००९ मध्ये तिच्या जागी अधिक विस्तृत तपासणी आली.

मूल्यमापन : कारखान्यातील गाडीत सुगमता हा खर्चाचा प्रश्न असतो, संच-गाडीत तो मालकाच्या स्वावलंबनाचा असतो. जुळणीच्या वेळी वाचविलेले काही तास पुढे प्रत्येक दुरुस्तीला अनेक पटींनी द्यावे लागतात, तर अविचाराने पाडलेले छिद्र सांगाडा दुर्बल करते. म्हणून सुगमता ही मागाहून जोडण्याची सोय नसून सांगाड्याच्या आराखड्यातच अंतर्भूत करण्याची बाब आहे. केटरहॅमने २०२३ मध्ये सेव्हनचा विद्युत् नमुना सादर केला. विद्युत् गाडीत अनेक गतींची गिअरबॉक्स व क्लच सामान्यतः लागत नाहीत; पण तिच्या विद्युत् घटमालेपर्यंत दुरुस्तीसाठी कसे पोहोचावे, हा प्रश्न जुन्याच स्वरूपात पुन्हा उभा राहतो.