बायकांनी पृथ्वी सोडली, त्याची गोष्ट

माहेर सोडून जाणं आपल्याला नवं नाही. पण बाईनं पृथ्वीच सोडून जावं, अशी एक गोष्ट १९७३ साली अमेरिकेत छापून आली. आज आपण तिचा इतिहास पाहू.

गोष्टीचं नाव मराठीत सांगायचं तर ‘पुरुषांना न दिसणाऱ्या बायका’. रूथ पार्सन्स ही वॉशिंग्टनच्या सरकारी कचेरीत दप्तर सांभाळणारी बाई. मेक्सिकोत ती आणि तिची मुलगी एका छोट्या विमानात बसतात. ते विमान खाडीकाठी कोसळतं. गोष्ट सांगतो तो सोबतचा पुरुष. विमानात त्यानं या दोघींकडे धड पाहिलेलंसुद्धा नसतं. पुढे तिथं परग्रहावरचे लोक येतात. तो घाबरून जातो. रूथ मात्र त्यांना विनवते, आम्हाला तुमच्याबरोबर न्या. मायलेकी निघून जातात. अनोळखी जगात जायला या बाया तयार का झाल्या, हे त्या माणसाला शेवटपर्यंत नीट उमगत नाही. आपल्याला मात्र उमगतं.

ही गोष्ट आली तेव्हा रशियाची व्हॅलेंतिना तेरेश्कोव्हा अवकाशात जाऊन दहा वर्षं झाली होती. अमेरिकेची पहिली बाई, सॅली राईड, गेली ती १९८३ साली. म्हणजे तोवर तिथल्या बाईला पृथ्वी सोडायची वाट फक्त गोष्टीतच होती.

गोष्टीवर लेखकाचं नाव होतं जेम्स टिप्ट्री. त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं, सगळा व्यवहार टपालानं. १९७५ साली एका नामवंत लेखकानं प्रस्तावनेत लिहिलं, की हे लेखन पुरुषाचंच असणार. पुढे दोन वर्षांच्या आतच उघड झालं, की टिप्ट्री म्हणजे साठी ओलांडलेल्या अ‍ॅलिस शेल्डन. दुसऱ्या महायुद्धात त्या लष्करात होत्या. विमानातून काढलेल्या फोटोंवरून माहिती काढायचं त्यांचं काम. युद्धानंतर नवऱ्याबरोबर त्यांनी कोंबड्यांची पिल्लं उबवायचा धंदा केला, हे आपल्या कुक्कुटपालनवाल्या मैत्रिणींना आवडेल. नंतर मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. टिप्ट्री हे आडनाव त्यांनी मुरंब्याच्या बरणीवरून उचललं होतं. न दिसणाऱ्या बायकांची गोष्ट लिहिणारी बाईच कुणाला दिसली नव्हती.

याच्या कितीतरी आधी, १९०५ साली, आपल्याकडे बंगालच्या रोकेया सखावत हुसेन यांनी ‘सुलतानाज् ड्रीम’ लिहिली. त्यांच्या स्त्रीराज्यात बायका उन्हाच्या उष्णतेवर बिनधुराचा स्वयंपाक करतात, ढगातलं पाणी उतरवून घेतात आणि पुरुष पडद्याआड घर सांभाळतात. तिथं बायका कुठं जात नाहीत. जागा बदलते ती पुरुषांची.

दोन्ही गोष्टींचं मूळ एकच: आहे त्या जगात बाईला जागा नाही. रूथ निघून गेली म्हणून आम्ही तिला नावं ठेवणार नाही. पण आपल्याला न्यायला कुठलं यान येणार नाही. रोकेयांनी १९११ साली कोलकात्यात मुसलमान मुलींसाठी शाळा सुरू केली, तेव्हा मुली होत्या आठ. पालकांची मनं वळवायला त्या घरोघर फिरल्या. ती शाळा आजही चालू आहे.

आपला गटही दहा-बारा जणींचाच असतो, मैत्रिणींनो. आठ हा आकडा लक्षात ठेवा.