गांजा व भांग यांच्या विक्रीचे नियमन आणि अल्पवयीनांचे संरक्षण

कॅनाबिस सॅटायव्हा या वनस्पतीपासून मिळणाऱ्या मादक पदार्थांची लागवड, साठवण व विक्री परवाना, कर आणि शिक्षा यांच्या द्वारे मर्यादित करणारी व ते अठरा वर्षांखालील व्यक्तींच्या हाती पडू नयेत अशी दक्षता घेणारी कायदेशीर व्यवस्था. या वनस्पतीच्या मादी झाडाचे फुलोरे म्हणजे गांजा, झाडातून स्रवणारी राळ म्हणजे चरस आणि पाने वाटून वा सुकवून केलेला पदार्थ म्हणजे भांग. हा भेद केवळ वनस्पतिशास्त्रीय नाही. विक्रीविषयक सर्व कायदे त्यावरच उभे आहेत.

इतिहास : मुंबई इलाख्यात मद्याबरोबरच मादक द्रव्यांच्या विक्रीवरही १८७८ च्या मुंबई अबकारी अधिनियमाने परवानापद्धती लागू केली. गांजाची लागवड इलाख्यात मुख्यतः अहमदनगर जिल्ह्यात होई. गांजाच्या दुष्परिणामांविषयी ब्रिटिश संसदेत प्रश्न उपस्थित झाल्यावर १८९३ मध्ये डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय भांग-गांजा आयोग नेमण्यात आला. त्याच्या सात सदस्यांपैकी तीन भारतीय होते. सु. १,२०० साक्षीदारांचे म्हणणे विचारात घेऊन आयोगाने १८९४ मध्ये अहवाल सादर केला. संपूर्ण बंदी अनावश्यक व अव्यवहार्य आहे, मात्र अतिसेवन घातक आहे, असे त्याचे मत पडले. म्हणून परवान्यावाचून लागवडीस मनाई, पुरेसा कर, दुकानांच्या संख्येस मर्यादा व बाळगण्याच्या प्रमाणास मर्यादा, असे उपाय त्याने सुचविले. या उपायांचा रोख एकूण खप आवरण्याकडे होता. किंमत वाढली व दुकान दूर गेले, की मुलांनाही पदार्थ दुर्मिळ होतो. परंतु हे संरक्षण अप्रत्यक्ष होते.

मराठवाड्यातील स्थिती : नांदेड जिल्ह्यातील भोकरचा परिसर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तेथे फसली १३१६ (१९०६-०७) चा हैदराबाद अबकारी अधिनियम लागू होता. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला व १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाची व्याप्ती १९५९ मध्ये या भागापर्यंत वाढविण्यात आली. त्यामुळे महसूल हे ज्याचे मुख्य अंग होते अशा अबकारी व्यवस्थेची जागा प्रतिबंधाच्या तत्त्वाने घेतली. भोकर हे आज तेलंगणाच्या सीमेपासून जवळ, मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर वसलेले तालुक्याचे ठिकाण आहे. अशा सीमाभागात शेजारशेजारच्या प्रदेशांचे कर व निर्बंध भिन्न असले, तर सौम्य निर्बंधांच्या बाजूने माल पाझरतो. एकरूप कायद्याची गरज येथे विशेष जाणवते.

आंतरराष्ट्रीय करार व केंद्रीय कायदा : जिनीव्हा येथील १९२५ च्या अफूविषयक करारात गांजाचा समावेश झाला. त्यास अनुसरून भारतात १९३० चा घातक औषधिद्रव्य अधिनियम संमत झाला. १९६१ च्या एकल करारान्वये गांजाचा वैद्यकेतर वापर २५ वर्षांत, म्हणजे १९८९ पर्यंत, थांबविणे अभिप्रेत होते. मात्र शेंड्यांविरहित पाने व बिया त्या करारातील व्याख्येतून वगळल्या होत्या. हीच व्याख्या, १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अंमलात आलेल्या गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमात स्वीकारली गेली. २००१ मध्ये शिक्षा पदार्थाच्या प्रमाणाशी जोडण्यात आली : गांजाच्या बाबतीत एक किग्रॅ. हे अल्प, तर वीस किग्रॅ. हे व्यापारी प्रमाण ठरले. त्याच वेळी, गुन्ह्यामुळे अल्पवयीन बाधित झाले किंवा त्यासाठी त्यांचा वापर झाला, तसेच गुन्हा शिक्षणसंस्थेत वा तिच्या निकट घडला, तर किमान शिक्षेपेक्षा अधिक शिक्षा देताना न्यायालयाने या गोष्टी विचारात घ्याव्यात, अशी तरतूद झाली.

बालकांविषयी विशेष तरतुदी : बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार, पात्र वैद्यकाच्या आदेशावाचून बालकास मादक पेय, गुंगीकारक औषधिद्रव्य वा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अशा मादक पदार्थांची विक्री वा वाहतूक बालकाकडून करवून घेणाऱ्यासही तीच शिक्षा आहे. येथे बालकास प्रथमतः गुन्हेगार न मानता गुन्ह्याचा बळी मानण्याचा दृष्टिकोन दिसतो.

तथापि या अधिनियमातील ‘गुंगीकारक औषधिद्रव्य’ या संज्ञेचा अर्थ १९८५ च्या अधिनियमाप्रमाणे घ्यावयाचा असल्याने, केवळ पानांपासून केलेली भांग तिच्या शब्दशः कक्षेत येत नाही. गांजाच्या शेंड्यांपासून केलेले पेय मात्र येते. दोन्ही पेये होळीच्या दिवशी एकाच पेल्यात दिली, तरी मुलाच्या दृष्टीने फरक उरत नाही. कायद्याच्या दृष्टीने तो मोठा असतो. महाराष्ट्रात ही उणीव राज्याच्या दारूबंदी अधिनियमाने काही अंशी भरून निघते; त्यात भांग ही मादक द्रव्यांत गणली असून तिची विनापरवाना विक्री हा गुन्हा आहे. अर्थात भांगेपासून मुलांचे संरक्षण केंद्रीय शिक्षेपेक्षा राज्याच्या परवान्यावर व स्थानिक यंत्रणेच्या तपासणीवर अधिक अवलंबून राहते. १८९४ च्या आयोगाने ज्या साधनांवर भर दिला होता, त्यांचे महत्त्व या एका बाबतीत अद्याप टिकून आहे.